एकाच वादळाची दोन खाती

२०२१ सालच्या पावसाळ्याच्या शेवटी पाच दिवसांच्या अंतरानं मला दोन फोन आले.

पहिला २८ सप्टेंबरच्या सकाळी, मांजरा नदीकाठच्या एका गावातून. फोन करणारे गृहस्थ माझे जुने कर्जदार. त्या भागातल्या शाखेत मी १९८८ ते १९९१ अशी तीन वर्षं काढली, तेव्हापासूनची ओळख. मी त्यांना अण्णा म्हणतो. मी बँक सोडली तरी ते मला साहेबच म्हणतात. "साहेब, बनीम गेली," एवढंच ते म्हणाले आणि मग बराच वेळ फोनवर नुसता पावसाचा आवाज येत राहिला. बनीम म्हणजे सोयाबीन कापून शेतातच रचून ठेवलेली गंज. वर्षाचं पीक हाताशी आलेलं, मळणीयंत्राचा नंबर लागायचा तेवढा बाकी, अशा वेळी रात्रीतून नदी वावरात शिरली आणि रचलेलं सगळं उचलून घेऊन गेली.

दुसरा फोन ३ ऑक्टोबरचा. रविवार होता. माझी भाची नवऱ्याच्या नोकरीनिमित्त मस्कतला असते. "मामा, काळजी करू नका, आम्ही घरातच आहोत," अशी तिनं सुरुवात केली तेव्हा कुठं मला काळजी वाटायला लागली. तिकडं चक्रीवादळ येऊ घातलं होतं. सरकारनं दोन दिवसांची सुट्टी जाहीर केली होती, रस्त्यांवर पाणी साचत होतं.

हे दोन फोन मी मनाच्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवून दिले. अण्णांचा तो पूर आणि भाचीचं ते वादळ. मराठवाड्यातल्या वावरात शिरलेलं पाणी आणि अरबस्तानच्या वाळवंटावर चालून गेलेलं वादळ यांचं काही नातं असेल, असं कुणाच्या मनात यावं? पुढं काही दिवसांनी एक नकाशा पाहण्यात आला. आंध्रच्या किनाऱ्यावर चढलेली एक रेघ तेलंगण, मराठवाडा, विदर्भाची कड असं करत खंभातच्या आखातातून अरबी समुद्रात उतरली होती आणि थेट ओमानमध्ये जाऊन थांबली होती. दोन्ही फोन एकाच वादळाचे होते.

बंगालच्या उपसागरात असताना त्याचं नाव होतं 'गुलाब'. हे नाव पाकिस्ताननं सुचवलेलं. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग होता ताशी ७५ ते ८५ किलोमीटर. चक्रीवादळ म्हणवून घ्यायला आपल्याकडं ताशी ६२ किलोमीटर लागतात. म्हणजे पास झालेलं, पण काठावर. जमिनीवर आल्यावर ते उतरत गेलं आणि २८ तारखेच्या दिवसभरात नुसतं 'कमी दाबाचं क्षेत्र' होऊन राहिलं. तिथं 'गुलाब'ची नोंद संपली. अरबी समुद्रात गेल्यावर ३० सप्टेंबरला त्यानं पुन्हा उचल खाल्ली आणि १ ऑक्टोबरला ते पुन्हा चक्रीवादळ झालं. आता त्याला यादीतलं पुढचं नाव मिळालं, कतारनं सुचवलेलं: 'शाहीन', म्हणजे ससाणा.

बँकेत असताना एकाच असामीनं दोन नावांनी दोन खाती उघडल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत. एक खातं बुडालं म्हणून बंद करायचं, आणि तीच व्यक्ती शेजारच्या शाखेत नव्या नावानं ताजीतवानी होऊन उभी! इथं मात्र लबाडी कुणाचीच नव्हती, नियमच तसा आहे. वादळ घसरून 'डिप्रेशन'च्याही खाली गेलं की त्याचं नाव जातं. २०१८ सालच्या नोव्हेंबरात तमिळनाडूत वेदारण्यमजवळ आलेलं 'गजा' एका दिवसात पश्चिम घाट ओलांडून केरळमार्गे अरबी समुद्रात उतरलं, पण वाटेत ते त्या पायरीखाली घसरलं नाही. म्हणून दोन्ही समुद्रांत ते 'गजा'च राहिलं.

आता माझ्या मनातला खरा प्रश्न सांगतो. वादळ जमिनीवर आलं की मरतं आणि त्यातून वाटेत डोंगर असला तर हमखास मरतं, असं मी शाळेपासून समजून चाललो होतो. मी सातारा जिल्ह्यातला. सह्याद्री ही आमची भिंत आहे, ही समजूत तिकडं पाण्याबरोबर पोटात जाते. २०२० सालच्या जून महिन्यात 'निसर्ग' वादळानं ती आणखी पक्की केली. ३ जूनच्या दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी. सुपारीच्या बागाच्या बागा त्यानं झोपवल्या. घाट चढून ते पुण्याकडं आलं, आमच्या गल्लीतलाही एक जुना गुलमोहर पडला, आणि दुसऱ्या दिवशी विदर्भाकडं पोचेपर्यंत त्यात काही राम उरला नव्हता. मी घरात सगळ्यांना ऐटीत सांगितलं होतं, 'पाहिलंत? सह्याद्री!' मग त्याच्या निम्म्या ताकदीचं 'गुलाब' एवढा मुलूख ओलांडून जगलं कसं?

निवृत्त माणसाकडं वेळ बराच असतो. मी वाचायला लागलो.

चक्रीवादळ हे बिचारं रोजच्या भरण्यावर चालणारं दुकान आहे. साधारण २६-२७ अंशांहून गरम असलेल्या समुद्राची वाफ त्याला सतत लागते. ती वाफ वर जाते, तिचे ढग होतात आणि वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तिच्यावर हे सगळं चक्र फिरतं. जमिनीवर आलं की भरणा बंद. शिवाय झाडं, घरं, टेकड्या यांच्याशी घर्षण होऊन खर्च वाढतो. उत्पन्न बंद आणि खर्च चालू, अशा दुकानाचं जे होतं तेच त्याचं होतं.

डोंगर याहून वाईट खेळ करतो. वादळ हा काही एकसंध लाटू नव्हे, तो कित्येक किलोमीटर उंचीचा भोवरा असतो. पर्वताची रांग आडवी आली की भोवऱ्याचा तळ तिथं अडतो आणि वरचा भाग पुढं निघून जातो. धड एकीकडं, डोकं दुसरीकडं. तैवान बेटाच्या मधोमध जवळजवळ चार हजार मीटर उंचीपर्यंत चढणारी पर्वतरांग आहे. तिथं शास्त्रज्ञांनी असं पाहिलं आहे, की पूर्वेकडून आलेल्या वादळाचा तळचा भोवरा रांगेच्या अलीकडंच विरून जातो आणि पलीकडच्या उतारावर, वरच्या भोवऱ्याच्या आधारानं, नवाच तळ तयार होतो. मग तैवान ओलांडून गेलेलं वादळ तेच की दुसरं? या प्रश्नावर आपल्याकडचे नैयायिक पिढ्यानपिढ्या भांडले असते.

यात लहान वादळाची अवस्था सर्वांत नाजूक. मोठ्या वादळाचा मध्य डोंगरावर असला तरी त्याचे लांब हात समुद्रावर असतात आणि तिथून थोडीफार रसद येत राहते. लहान वादळ अख्खंच्या अख्खं डोंगरात सापडतं. पण लहानाला एक फायदाही आहे. ते जितक्या लवकर मोडतं तितक्याच लवकर पुन्हा उभंही राहू शकतं. चार भिंतींचं घर आणि वाडा यांच्यात असतो तोच फरक.

याचं अगदी नमुन्याचं उदाहरण 'गुलाब'च्या आधी जेमतेम दीड महिना कॅरिबियन समुद्रात घडलं. 'फ्रेड' नावाचं एक छोटं वादळ ११ ऑगस्ट २०२१ला हिस्पॅनिओला बेटावर गेलं. हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक हे दोन देश ज्या बेटावर आहेत, ते हे बेट. तीन हजार मीटरहून उंच डोंगर आणि वादळांचा खाटिक म्हणून त्याची ख्याती. 'फ्रेड'चा वारा होता ताशी सुमारे ७५ किलोमीटर, म्हणजे आपल्या 'गुलाब'चाच जोडीदार. बेटानं त्याचा एका दिवसात चुरा केला. पुढं क्यूबाच्या कडेकडेनं ते रखडत गेलं आणि १४ तारखेला भोवरा असा उरलाच नाही. १५ तारखेला मेक्सिकोच्या आखाताचं गरम पाणी लागताच ते पुन्हा उठलं आणि १६ला फ्लोरिडावर आलं, ते हिस्पॅनिओलाला भिडताना होतं त्याहून जोरकस होऊन! नाव मात्र तिकडच्या नोंदीत तेच राहिलं.

तेव्हा 'डोंगरात शिरलेलं लहान वादळ जगतं का' याचं उत्तर असं, की वारा बहुतेक वेळा जगत नाही. पण वरच्या थरातला सुस्तावलेला भोवरा आणि त्यानं वाहून आणलेली वाफ, ही त्याची मूळ ठेव मोडली गेली नाही आणि पुढं गरम समुद्र मिळाला, तर ते परत उठतं.

'गुलाब'ची ठेव का मोडली नाही? एक कारण त्याच्या वाटेत आहे. पूर्व घाटातलं ओडिशाचं देवमाळी शिखर १६७२ मीटर उंच आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा थोडं जास्तच. पण पूर्व घाट सह्याद्रीसारखा सलग तटबंदीचा नाही. महानदी, गोदावरी यांनी त्याला ठिकठिकाणी खिंडारं पाडली आहेत. कोरापूट-बस्तरच्या टेकड्यांमधून वाट काढत हे वादळ दख्खनच्या पठारावर आलं. आणि शेवटी सह्याद्रीच्या उंच रांगेला भिडायच्या भानगडीत न पडता उत्तरेकडून, दक्षिण गुजरात आणि खंभातच्या बाजूनं बाहेर पडलं. घरातून निसटणारा पोरगा जसा आजोबा बसलेत ते पुढचं दार टाळून परसदारानं जातो तसं.

दुसरं कारण पायाखालच्या जमिनीत असावं असं मला वाटतं. २००७ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत 'एरिन' नावाचं एक क्षुल्लक वादळ टेक्ससच्या किनाऱ्यावर आलं आणि संपल्यात जमा झालं. तीन दिवसांनी शेकडो किलोमीटर आत, ओक्लाहोमात, त्यानं पुन्हा जोर धरला. रडारवर त्याला डोळासुद्धा दिसू लागला. त्या वर्षी तिथली जमीन आधीच्या पावसानं चिंब भिजलेली होती आणि त्या ओल्या मातीतून उठणाऱ्या वाफेनं समुद्राचं काम केलं, असं संशोधकांनी मांडलं. तपकिरी समुद्र असं त्या मातीला त्यांनी नाव दिलं आहे. आपली काळी कापसाची माती एकदा भिजली की किती दिवस ओल धरून बसते, हे मराठवाड्यात मोटारसायकल चालवलेल्या कोणत्याही कृषी कर्ज अधिकाऱ्याला विचारावं. माझे बूट तिनं दोनदा ठेवून घेतले आहेत. २०२१चा अख्खा सप्टेंबर तिथं पाऊस होताच. त्यात मान्सून अजून माघारी फिरलेला नव्हता आणि समुद्रावरून वाफेचा पुरवठा चालू होता. 'गुलाब' उपाशी राहिलं नाही ते असं.

इथपर्यंत वाचन झाल्यावर मला जरा शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटू लागलं होतं. दिवाळीनंतर अण्णांना भेटायला गेलो आणि मोठ्या उत्साहानं त्यांना हे सगळं सांगू लागलो. मराठवाड्यावर आलं तेव्हा ते वादळ राहिलंच नव्हतं, नुसतं कमी दाबाचं क्षेत्र उरलं होतं, असं म्हणालो. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कमी दाब म्हणता. मग आमाला का दाबलं एवढं?"

त्या शब्दाचा शास्त्रातला अर्थ मी समजावू शकलो असतो. समजावला नाही.

कारण हिशेब त्यांचाच बरोबर होता. वादळाची सगळी श्रेणी, म्हणजे कमी दाब, डिप्रेशन, चक्रीवादळ, तीव्र चक्रीवादळ, ही वाऱ्याच्या वेगावर बेतलेली आहे. समुद्रातल्या होड्यांना आणि किनाऱ्यावरच्या छपरांना ती बरोबर लागू पडते. धरणाखालच्या शेतकऱ्याला वाऱ्याशी काही देणंघेणं नसतं. वारा ज्या दिवशी हरला त्याच दिवशी मराठवाड्यात पाण्यानं कहर केला. २८ सप्टेंबरला मांजरा धरणाचे सगळे, म्हणजे १८ दरवाजे उघडावे लागले. बीड, लातूर, उस्मानाबाद जिल्ह्यांत गावंच्या गावं पाण्यानं वेढली गेली आणि छपरांवर चढलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावी लागली. उमरखेडजवळ एसटीची बस पुलावरच्या पाण्यात वाहून गेली. आणि हे धरण कोणतं? ज्याच्यात पाणी नाही म्हणून २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, तेच.

बँकेत बुडीत कर्ज निर्लेखित करतात, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकतात. वरच्या ऑफिसला वाटतं, प्रकरण संपलं. खाली गावात ते कर्ज तसंच असतं. कर्जदाराच्या झोपेत असतं, बायकोच्या मोडलेल्या डोरल्यात असतं, मुलीच्या पुढं ढकललेल्या लग्नात असतं. मी स्वतः अशा कागदांवर सह्या केल्या आहेत. 'कमी दाबाचं क्षेत्र झालं' हे वाक्य बातमीपत्रात वाचताना मला आता त्या सह्या आठवतात.

डोंगर वाऱ्याला मारतो पण पाण्याला मारत नाही, उलट पिळून काढतो. ओली हवा उतारावर चढली की थंड होते आणि जवळचं सगळं तिथंच टाकून देते. मघाच्या 'फ्रेड'चं वारं फ्लोरिडा ओलांडून अमेरिकेच्या आतल्या डोंगराळ भागात गेलं तोवर संपलं होतं. १७ ऑगस्टला नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत पिजन नदीला त्याच्या पावसानं असा लोंढा आला, की हेवूड नावाच्या एका परगण्यात सहा माणसं गेली. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर राहणारी माणसं ही. वादळ म्हणजे किनाऱ्यावरच्यांचं दुखणं, असंच तीही समजत असणार. सगळ्यांत भयंकर दाखला फिलिपीन्सचा आहे. ५ नोव्हेंबर १९९१ला 'थेल्मा' नावाचं, वाऱ्याच्या मोजमापानं अगदीच किरकोळ वादळ लेयते बेटावरून गेलं. ओर्मोक शहराच्या मागचे डोंगर जंगलतोडीनं बोडके झाले होते. काही तासांत पाणी खाली आलं आणि पाच हजारांहून अधिक माणसं मेली. तेव्हाच्या बातमीत वाऱ्याचा वेग वाचून इथं बसलेल्या माझ्यासारख्यानं पान उलटलं असेल. उलटलंच होतं बहुधा. तेव्हा मी मांजराकाठच्या त्याच शाखेतून नुकताच बदलून आलो होतो.

अण्णांच्या पीकविम्याचं एक राहिलं. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं असा नियम. गावात वीज नव्हती, मुलाच्या फोनची बॅटरी संपत आलेली. म्हणून २९ तारखेला मीच पुण्यातून त्यांची माहिती भरायला बसलो. गट नंबर, पेरणीचं क्षेत्र, सगळं अजून तोंडपाठ होतं याचं मला बरं वाटलं. नुकसानीचं कारण या रकान्याशी मी थांबलो. तांत्रिक दृष्ट्या काय लिहावं? वादळाचा पाऊस? पूर? धरणाचा विसर्ग? चाळीस वर्षं रकाने भरण्यात घालवलेला माणूस, चुकीच्या शब्दानं माणसाचे पैसे कसे अडकतात हे मला माहीत आहे. फोनवर अण्णांना विचारलं.

"पाणी लिहा की," ते म्हणाले. "अजून काय होतं तिथं?"

पाणी लिहून चालत नव्हतं. मी पूर लिहिलं. पुढं पंचनामे झाले, पैसे आले, ते किती आणि केव्हा आले हे सांगायला वेगळा रविवार लागेल.

'शाहीन' ३ ऑक्टोबरच्या रात्री ओमानच्या अल बातिना किनाऱ्यावर, सुवैकच्या आसपास चढलं. आता ते तीव्र चक्रीवादळ होतं. कलिंगपट्टणमला होतं त्याहून मोठं. ओमानच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्याला वादळं सवयीची आहेत, पण उत्तरेच्या या किनाऱ्यावर असं वादळ थेट येण्याची घटना १८९०नंतरची पहिलीच. किनाऱ्याच्या मागं लगेच हजर पर्वत उभा आहे, हिस्पॅनिओलाइतकाच उंच, सलग आणि कोरडा. त्यानं मात्र सोडलं नाही. वादळ तिथं काही तासांत मोडलं आणि पुढच्या वाळवंटात नाहीसं झालं. तिसरा समुद्र नव्हता. पण मोडण्यापूर्वी अल खाबूरा या ठिकाणी ३६९ मिलिमीटर पाऊस पडला, जिथं वर्षाकाठी १०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. डोंगरातल्या कोरड्या नद्यांना तिकडं वादी म्हणतात. त्या गावांमधून चिखल घेऊन धावल्या. भाची मस्कतच्या ज्या भागात राहते तिथं थोडक्यात निभावलं. पुढं ती त्या किनाऱ्यावर चिखल उपसायला गेलेल्या स्वयंसेवकांबरोबर एक दिवस जाऊन आली. तिनं पाठवलेल्या फोटोत एक म्हातारा ओमानी गृहस्थ झोडपलेल्या बागेत उभा आहे, अंगावरचा पांढरा झगा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला.

तो फोटो मी अण्णांना त्या दिवाळीनंतरच्या भेटीत दाखवला. "तुमची बनीम नेली ना, तेच वादळ पुढं इथं गेलं," म्हणालो. अण्णांनी चष्मा लावून फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ त्या माणसाकडं पाहत राहिले.

"काय पिकतं तिकडं?"

"खजूर."

"हां," अण्णा म्हणाले. मग फोन परत देताना त्यांनी विचारलं, "काढणी झालती का त्याची?"